पावसाळ्यात जनरेटर बाहेर ठेवायचा तर झाकायचा कसा? (गाव: श्रीवर्धन तालुका)

खळ्यातला_फणस
१२ जुलै २०२४, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवीये. आईबाबा गावाला असतात, दोघंही सत्तरीच्या पुढे, मी डोंबिवलीला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच डोक्यावरून गेलं तेव्हा महिनाभर लाईट नव्हती, मेणबत्त्या संपल्या, विहिरीवरचा पंप बंद, बाबा त्या वयात रहाटाने पाणी ओढत होते. तेव्हाच ठरवलेलं की जनरेटर घ्यायचा, पण घेऊ घेऊ म्हणता म्हणता चार वर्षं गेली आणि शेवटी यंदा मे महिन्यात घेतला. पेट्रोलवर चालणारा, दोन केव्हीएच्या आसपासचा, दोरी ओढून चालू करायचा, दोघांनी उचलला तर हलतो.

आता प्रॉब्लेम असा की लाईट जाते ती नेमकी धो धो पाऊस असतानाच, आणि मशीनच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय की पावसात चालवू नका. मग चालवायचा कधी, एप्रिलमध्ये? ताडपत्री गुंडाळली तर चालेल का, की त्याला काही वेगळं कव्हर मिळतं? ७ सप्टेंबरला गणपती आहेत, घरात पंधरावीस माणसं असतील, त्याआधी काहीतरी पक्कं करायचंय.

मांडव_डेकोरेटर
१२ जुलै, रात्री १०.०५

ताडपत्री गुंडाळून चालू करू नका भाऊ. आमच्या धंद्यात एका नवीन पोराने केलेलं, वरातीत. दहा मिनिटांत ताडपत्री सायलेन्सरला चिकटली, वितळली, आणि वास असा सुटला की नवरदेव शिंकायला लागला. इंजिन हवेवर थंड होतं, त्याला रेडिएटर नाही, हवा कोंडली की गरम होऊन मरतं.

पुणेरी_शंका
१२ जुलै, रात्री १०.२०

जनरेटर घेण्याऐवजी इन्व्हर्टर बॅटरी घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता. असो.

खळ्यातला_फणस
१२ जुलै, रात्री १०.३१

@पुणेरी_शंका इन्व्हर्टर आहे हो घरात. चार-पाच तास पंखे दिवे चालतात, मग? तीन दिवस लाईट नसेल तर बॅटरी चार्ज कशावर करू? आणि एक एचपीचा पंप त्याच्यावर चालत नाही.

सध्याची व्यवस्था सांगायची राहिली. मागच्या पडवीत ठेवलाय, तिथे वर कौलं आहेत, दोन बाजू उघड्या आहेत, म्हणजे भिजत नाही तसा. फक्त पश्चिमेकडून झड आली की तुषार उडतात. तेवढ्या बाजूला काहीतरी लावून बंद केलं की झालं ना?

ह्यूस्टनकर_ताई
१२ जुलै, रात्री ११.१५

दादा थांबा. पडवीत म्हणजे घराला लागून? सायलेन्सरचं तोंड कुठे आहे? स्वयंपाकघराची खिडकी किती लांब?

मी सध्या ह्यूस्टनला आहे, आमच्याकडे ८ जुलैला बेरिल चक्रीवादळ येऊन गेलं, २२ लाखांहून जास्त कनेक्शनं बंद पडली, आमच्या गल्लीत अजून लाईट नाही, हे मोबाईलवरून गाडीत बसून लिहितेय. इकडे घरोघरी जनरेटर, आणि दर वादळानंतर बातमी तीच असते. वादळातून माणसं वाचतात आणि नंतर जनरेटरच्या धुराने जातात. २०२१ च्या फेब्रुवारीत बर्फाचं वादळ आलेलं तेव्हाही टेक्ससमध्ये तेच झालं, लोकांनी थंडीमुळे गॅरेजमध्ये लावले, दार अर्धं उघडं ठेवून. अर्धं उघडं दार पुरत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने त्याला धरून ठेवतं, म्हणून थोडाथोडा वायू बराच वेळ आत गेला तरी माणूस संपतो. इकडे सरकारी सल्ला घरापासून कमीत कमी २० फूट लांब, धुराचं तोंड घराकडे नको, असा आहे. तुम्ही पडवीची उरलेली बाजू पण बंद करायला निघालात.

खळ्यातला_फणस
१३ जुलै, सकाळी ७.५०

रात्री हे वाचलं आणि झोप लागली नाही. सकाळी फोन केला. स्वयंपाकघराची खिडकी सहा फुटांवर आहे. जूनमध्ये दोनदा संध्याकाळचा चालवला होता बाबांनी, दोन्ही वेळा आईचं डोकं धरलं होतं आणि मळमळ. आम्ही म्हटलं पित्त झालं असेल, आलेपाक खा. दोन्ही वेळा.

बाबांना सांगितलंय की मी येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

ह्यूस्टनकर_ताई
१३ जुलै, सकाळी ८.१०

पित्तच वाटतं सगळ्यांना. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटणं, हे लक्षात ठेवा. घरात बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावा, ऑनलाइन मिळतो, झोपायच्या खोलीत एक. काकूंना सांभाळा.

वायरमन_नाना
१३ जुलै, दुपारी १.२५

तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, रत्नागिरी रायगड दोन्हीकडे. वरच्या ताई बोलल्या ते बरोबर, पडवी विसरा.

आमची आजी लावणीला जायची तेव्हा इरलं घ्यायची. पानांचं, बांबूच्या काड्यांचं. डोक्यावरून पाठीवरून खाली येतं आणि पुढून सगळं उघडं. दिवसभर वाकून काम केलं तरी पाठ कोरडी आणि घाम पण नाही. जनरेटरला तसलं इरलं पाहिजे, रेनकोट नाही. डोक्यावर छप्पर, पावसाच्या बाजूला पाठ, बाकी उघडं.

आमच्या किनाऱ्याला पाऊस नैऋत्येकडून पश्चिमेकडून येतो, हे तुमच्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणजे पाठ तिकडे. सायलेन्सरचं तोंड उलट दिशेला, ईशान्येकडे, वारा धूर पुढे घेऊन जाईल. आता मशीन घराच्या कुठल्या बाजूला ठेवायचं हे ठरवा. घराच्या पश्चिमेला ठेवलं तर धूर वाऱ्याबरोबर घरातच येणार. म्हणजे पूर्वेला.

खाजणातला_खेकडा
१३ जुलै, दुपारी २.००

नाना, पूर्वेला घराच्या आडोशाला भिंतीला चिकटून ठेवला तर छप्पर पण नको, घरच पाऊस अडवेल 😄

वायरमन_नाना
१३ जुलै, दुपारी २.४०

ते करू नका. घराच्या आडोशाला वारा गोल फिरतो. होडीच्या मागे पाणी कसं उलटं वळतं तसं. धूर भिंतीला लागून वर चढतो आणि कौलांच्या फटीतून, वळचणीतून आत. कौलारू घर म्हणजे चाळण. वीस फूट म्हणजे वीस फूट. आणि शेजाऱ्याची खिडकी पण बघा, तुमचा पूर्वेचा धूर त्याच्या पश्चिमेच्या खिडकीत जायला नको.

वीस फुटांनी व्होल्टेज पडेल ही भीती नको. अडीच एमएमची तीन कोअर रबराची केबल घ्या, शंभर फुटांपर्यंत काही फरक पडत नाही तेवढ्या लोडला. स्वस्तातली ती सपाट पांढरी वायर नको.

पत्रा_आणि_अँगल
१३ जुलै, संध्याकाळी ६.१५

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, अशी तीन शेड केलीत, दोन दापोलीकडे एक मुरुडला. माप देतो.

जांभ्या चिऱ्याचं जोतं करा, दीड फूट उंच, वर कोबा आणि थोडा उतार. चार अँगल जोत्यात गाडून. पत्रा पश्चिमेकडे उतरता, पुढे साडेसहा फूट मागे साडेपाच, म्हणजे पागोळ्या मागे पडतील, तुम्ही दोरी ओढायला उभे राहाल त्या बाजूला नाही. पत्रा चारही बाजूंनी दोन दोन फूट बाहेर काढा. पश्चिमेला आणि दक्षिणेला अर्धा अर्धा पत्रा उभा लावा, पण खाली जमिनीपासून एक फूट आणि वर छपराखाली एक फूट मोकळं सोडा. मशीन आणि उभा पत्रा यात तीन फूट तरी अंतर. मशीनच्या वर पण तेवढंच. लोक काय करतात, मशीनच्या मापाचा डबा करून घेतात कुत्र्याच्या घरासारखा. तो कोंडवाडा झाला.

पत्रा जे हुकने आवळा, खिळे नको. निसर्गमध्ये पत्रे कसे उडाले ते तुम्ही पाहिलंय.

वाशिष्ठी_काठ
१३ जुलै, रात्री ९.३०

जोत्याबद्दल. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला आमचा जनरेटर तळमजल्यावर, चांगला पक्क्या छपराखाली, एक थेंब पाऊस लागत नव्हता. पाणी खालून आलं. वशिष्ठीला कसलं छप्पर घालणार?

दुसऱ्या दिवशी चिखलातून काढला आणि माझ्या भावाने पहिलं काम काय केलं तर दोरी ओढली. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला, पिस्टन गेला. मेकॅनिक म्हणाला आधी स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर काढायला हवं होतं, मग ऑइल काढायचं (आमचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं), कार्ब्युरेटर, टाकी सगळं रिकामं करायचं, गोड्या पाण्याने चिखल धुवायचा, आणि अल्टरनेटर वाळवून मेगरने (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासल्याशिवाय लोड टाकायचा नाही. घाई नडली.

वायरमन_नाना
१३ जुलै, रात्री ९.५५

एकदम बरोबर. मेगरवर एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर मी चालू करत नाही. बुडालाच पाहिजे असं पण नाही, नुसता पावसाळाभर दमट हवेत पडून राहिला तरी वाइंडिंग ओल धरतं.

पुणेरी_शंका
१४ जुलै, सकाळी १०.१०

एक विचारू का. वाद घालायचा म्हणून नाही. त्या जनरेटरमधून घरात वीज नेणार कशी? पडवीत ठेवत होते म्हणजे काहीतरी जुगाड असणार.

खळ्यातला_फणस
१४ जुलै, सकाळी ११.००

😅 आहे. बाबांनी गावातल्या एकाकडून दोन्हीकडे पिना असलेली वायर करून घेतलीये. एक टोक जनरेटरला, दुसरं पडवीतल्या सॉकेटमध्ये. मेन स्विच बंद करतात आधी न विसरता.

वायरमन_नाना
१४ जुलै, सकाळी ११.०८

ती वायर आजच्या आज कापा. तिचे फोटो काढू नका, सांभाळून ठेवू नका, विळीवर घेऊन तुकडे करा.

एक पिन निघाली तर उघड्या पितळेवर २३० व्होल्ट, आणि हे ओल्या पडवीत, अनवाणी. आणि ज्या दिवशी मेन बंद करायला विसरतील त्या दिवशी वीज उलटी खांबावर जाते, डीपीतून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी गेली की वर ११००० होते. वर खांबावर आमचा माणूस चढलेला असतो, लाईन बंद आहे असं समजून, भर पावसात, तुमचीच लाईट आणायला.

चेंजओव्हर स्विच बसवा. हातानं फिरवायचा साधा मिळतो, एका वेळी एकच बाजू लागते, विसरायची सोयच नाही. बाहेरच्या भिंतीवर इंडस्ट्रियल टाइपचा निळा प्लग बसवून घ्या, झाकणवाला, त्यावर आयपी ४४ (म्हणजे उडालेलं पाणी आत जात नाही) लिहिलेलं बघा. केबल प्लगमध्ये शिरायच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. मशीनच्या बाजूला पण तसाच झोळ. मध्ये जोड नको. जोड असलाच तर जमिनीवर नको. काळी टेप म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे, हे मी रोज दोन लोकांना सांगतो.

मांडवीतीर
१४ जुलै, दुपारी १२.३०

पेडण्याहून नमस्कार. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) ३० मिलीअँपची असेल तर शॉकची काळजी नको ना मग? आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने तसंच सांगितलंय, टेस्ट बटण दाबून दाखवलं, ट्रिप झाली.

वायरमन_नाना
१४ जुलै, दुपारी १.१५

इथेच फसतात लोक. बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल बॉडीला किंवा अर्थला जोडलेला नसतो, तरंगता असतो. अशा मशीनवर खरी गळती झाली तर करंटला परत जायला रस्ता नाही, त्यामुळे आरसीसीबीला ती दिसेलच असं नाही. टेस्ट बटण मात्र फेज न्यूट्रलमध्येच काम करतं म्हणून ते दाबलं की ट्रिप होते आणि आपण खूश. तुमच्या मॉडेलचं पुस्तक आणि लायसनवाला वायरमन, दोघांना एकत्र बसवा. स्वतः न्यूट्रल जोडत बसू नका, काही मशीनना ते चालत नाही.

जुना_रॉकेलवाला
१४ जुलै, दुपारी ३.४५

पूर्वीचे जनरेटर बरे होते, पेट्रोलवर सुरू करायचे आणि मग रॉकेलवर फिरवायचे. पावसात गोणपाट टाकलं की झालं. आमचा १७ वर्षं चालला. हल्ली सगळी नाटकं.

मांडव_डेकोरेटर
१४ जुलै, दुपारी ४.०२

काका ते रॉकेल आता रेशनला तरी दिसतं का 🙏

पेट्रोलचं मात्र खरंच वेगळं झालंय. आता पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या हवेत तर विचारू नका. टाकीत तीन महिने पडून राहिलं की पाणी तळाला वेगळं होतं, कार्ब्युरेटरच्या वाटीत हिरवट चिकट थर धरतो, आणि ऐन पूजेच्या वेळी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो पण मशीन सुरू होत नाही. आम्ही काय करतो, काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. वाटी रिकामी. तासाला साधारण लिटरभर धरा, त्या हिशेबाने ताजंच आणा, पत्र्याच्या कॅनमध्ये. आणि गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका, पंधरा मिनिटं थांबा, आरती थांबली तरी चालेल.

खाजणातला_खेकडा
१४ जुलै, संध्याकाळी ५.२०

वापरात नसताना काय करायचं? शेडमध्येच राहू द्यायचा का?

पत्रा_आणि_अँगल
१४ जुलै, संध्याकाळी ७.००

नाही. घरात कोरड्या जागी, टाकी रिकामी करून, लाकडी फळीवर. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर आतून घाम धरतो आणि गंज आतूनच चढतो, जुनी सुती चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडाला थंड झाल्यावर फडकं कोंबा, पण दिसेल असं लाल, नाहीतर विसराल. पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून वीस मिनिटं पंप लावून चालवा, नुसता रिकामा नको. वाइंडिंगची ओल जाते. एअर फिल्टर उघडून बघा, आमच्या एका गिऱ्हाइकाच्या फिल्टरमध्ये उंदराने कापूस आणून घर केलेलं.

ह्यूस्टनकर_ताई
१५ जुलै, सकाळी ६.४०

एक राहिलं. वादळ चालू असताना चालवायचाच नाही. इकडे आम्ही त्या रात्री जनरेटर आतच ठेवला होता, बंद. वारा पडल्यावर बाहेर काढला. फ्रिज दार न उघडता चार तास थंड राहतो, फोन आधीच चार्ज करायचे. वाऱ्यात कुठलंही छप्पर कामाचं नाही, उलट तेच अंगावर येतं. इकडे फ्रेमला लावायचे छोटे तंबू मिळतात जनरेटरसाठी, आम्ही तोच वापरतो, साध्या पावसाला छान, पण त्या रात्री तो पण काढून ठेवला होता.

(लाईट आली आमची, काल रात्री. आधी वरणभात केला.)

खळ्यातला_फणस
१८ ऑगस्ट, रात्री १०.१५

अपडेट. मागचा शनिवार रविवार गावाला जाऊन आलो. जोतं झालंय, घराच्या पूर्वेला, आंब्याच्या पलीकडे, मोजून २६ फूट. पत्रा @पत्रा_आणि_अँगल यांच्या मापाने, फक्त दक्षिणेचा उभा पत्रा बाबांनी लावू दिला नाही, म्हणाले तिकडून आंबा अडवतो. बघू. चेंजओव्हर बसला, निळा प्लग बसला, सीओ अलार्म दोन. ती दोन पिनांची वायर नाना तुम्ही सांगितलं तशी कापली. बाबा नाराज, तिचे ३०० रुपये दिले होते म्हणे.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा फ्रिज आणि पंप एकदम लावला तर मशीन कण्हायला लागलं. आता आधी पंप, पाच मिनिटांनी फ्रिज.

पुणेरी_शंका
१८ ऑगस्ट, रात्री १०.४०

आंबा झड अडवत नाही. आंबा पाणी साठवून नंतर टाकतो. असो.

खळ्यातला_फणस
१३ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

गौरी गणपती काल गेले. गणपती आले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला लाईट गेली ती तिसऱ्या दिवशी दुपारी आली, आणि पाऊस असा की समोरचं घर दिसेना. मधे दोनदा थंड करून पेट्रोल भरलं, साडेसात तास चालवला, मशीनच्या अंगावर एक थेंब नाही. पुणेरी शंका तुमचं खरं निघालं, दक्षिणेकडून आंब्याचं पाणी वाऱ्याने जोत्यावर येत होतं, मशीनपर्यंत पोचलं नाही पण केबलवर पडत होतं. तिथे झोळ असल्यामुळे वाचलो. आता तो पत्रा लावतोय, बाबा काही बोलले नाहीत.

अलार्म एकदाही वाजला नाही. आईने रात्री अकराला पंधरा माणसांचा चहा केला आणि डोकं दुखलं नाही. मी दर अर्ध्या तासाने विचारत होतो, शेवटी म्हणाली आता विचारून विचारून दुखायला लागेल.

फोटो टाकतो उद्या. शेड बाबांना फारच आवडलीये, कोरडी जागा मिळाली म्हणून जनरेटर आत घेतल्यावर लगेच तिथे चुलीची लाकडं रचून ठेवलीत, सगळी, छपरापर्यंत.

वायरमन_नाना
१३ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३४

लाकडं काढा आधी. फोटो नंतर.